सायकेडेलिक वर्तुळातलं राजकारण: सगळे एकाच सुरात कसे?

तळटीप

एका दिवाळी अंकासाठी सायकेडेलिक चळवळीतल्या राजकारणावर लेख लिहायला घेतलाय. एलएसडी, सिलोसायबिन (मशरूममधलं द्रव्य), एमडीएमए अशा मनाचा अनुभव बदलणाऱ्या पदार्थांचे उपचार आणि कायदे यांवरचं साहित्य जमलंय. अडलंय ते या मंडळींच्या आपसातल्या राजकीय वागण्यापाशी.

'मशरूम घेतलं की माणूस उदारमतवादी होतो' हे वाक्य परिषदांत आणि पॉडकास्टांत असं फेकलं जातं, जणू ते शाळेच्या पुस्तकात छापलंय. त्याच्यामागे नेमके कुठले अभ्यास आहेत आणि ते कितपत पेलतात?

दुसरं, 'सगळ्याला प्रश्न विचारा' हे ज्यांचं ब्रीद, त्यांच्यातच वेगळं बोलणारा इतक्या झटकन गद्दार कसा ठरतो? २०२४ मध्ये एमडीएमएच्या मंजुरीवरून अमेरिकेत जे रण माजलं, त्यातली दोन्ही बाजूंची भाषा वाचून चक्रावायला होतं.

तिसरं अगदी व्यावहारिक. पुणे-गोवा पट्ट्यातल्या सायट्रान्सच्या (या वर्तुळातलं नाचाचं संगीत) कार्यक्रमांना जाणाऱ्या साठेक जणांना प्रश्नावली द्यायचं चाललंय. कोणाची मतं कुठली, आणि मुख्य म्हणजे चारचौघांत एक आणि मनात एक असे किती. हे विचारायचं कसं?

घ्यावं की घेऊ नये यासाठी हा धागा नाही. कृपया तिकडे नेऊ नका.

विदा_उपसणारा

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

हे विधान ज्या अभ्यासांवर उभं आहे ते बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि सगळ्यात जास्त मिरवला जाणारा अभ्यास सगळ्यात लहान आहे. लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजमध्ये औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या रुग्णांना सिलोसायबिन दिलं गेलं, आधी १० मिलिग्रॅम आणि आठवड्याने २५. त्यातल्या काहींच्या राजकीय वृत्तीवर २०१८ मध्ये निबंध आला: निसर्गाशी जवळीक वाढली आणि हुकूमशाहीकडचा कल घटला; ७ ते १२ महिन्यांनंतर जवळीक टिकून होती, कलातली घट मात्र काठावरचीच उरली होती. आता रुग्ण किती? ७. तुलनेला घेतलेले किती? तेही ७, शिवाय ते निरोगी होते आणि त्यांना काहीच दिलेलं नव्हतं. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नाहीत, खोटं औषध नाही. नैराश्य उतरलं की माणूस जगाला कमी घाबरतो, आणि कमी घाबरणाऱ्याला दंडुक्याचं राज्य कमी लागतं. मग फरक कशाने पडला? सिलोसायबिनने, आजार हटल्याने, की दोन माणसं दिवसभर आस्थेने उशाशी बसून राहिल्याने? या रचनेतून ते वेगळं काढताच येत नाही.

२०१७ चा जालावरचा सर्वे मोठा, ८९३ जणांचा. ज्यांनी आयुष्यात जास्त वेळा सायकेडेलिक घेतलंय त्यांची मतं जास्त उदार, निसर्गाशी नातं जास्त. पण हा एका क्षणाचा फोटो आहे. उदार घरातलं, शहरातलं, प्रयोग करायला न कचरणारं पोर एलएसडीकडे आधी वळणार. बाण उलट्या दिशेनेही तितकाच बसतो.

तिसरा अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा, २०११, ५२ जण, सिलोसायबिनचाच. ज्यांना पूर्ण 'गूढ अनुभव' आला त्यांच्यात 'मोकळेपणा' हा व्यक्तिमत्त्वगुण वाढला, आणि वर्षभरानंतरही तो बराचसा टिकून होता. इथे एक बारीक मेख आहे. ज्या चाचणीने हा गुण मोजतात तिच्या सहा उपविभागांतला एक 'मूल्यं' असा आहे, म्हणजे सामाजिक, धार्मिक, राजकीय मूल्यं पुन्हा तपासायची तयारी. त्यामुळे 'मोकळेपणा वाढला' आणि 'उदारमतवादी झाला' ही दोन वाक्यं थोडी एकाच मापाने मोजलेली आहेत. लेखात त्यांना दोन स्वतंत्र पुरावे म्हणून मोजू नका.

याच्या शेजारी २०१५ चा एक छोटा प्रयोग ठेवा. १० निरोगी लोकांना शिरेतून ४० ते ८० मायक्रोग्रॅम एलएसडी, आणि तपासलं काय तर सूचनेला माणूस किती बळी पडतो ते. बळी पडण्याचं प्रमाण वाढलं. हाही लहानच, पण माझ्या मते तुमच्या लेखाचा कणा हा आहे. पदार्थ मत देत नाही, खोलीत जे मत आहे ते आत शिरायला दार उघडून देतो. मनोविकारतज्ज्ञ स्तानिस्लाव ग्रोफ या पदार्थांना कुठल्याही गोष्टीचा आवाज वाढवणारं यंत्र म्हणायचे. भजन लावा, भजन मोठ्याने वाजेल.

अवांतर, पण ठेवणीतलं: हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ टिमोथी लिअरी यांनी १९६१ ते ६३ दरम्यान अमेरिकेतल्या कॉन्कॉर्डच्या तुरुंगात ३२ कैद्यांना सिलोसायबिन दिलं आणि पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण बरंच घटल्याचा डंका पिटला. पुढे ३४ वर्षांनी कागद काढून तपासल्यावर दिसलं की प्रयोगातल्या कैद्यांचा सुटकेनंतर १० महिन्यांचा आकडा, तुलनेसाठी घेतलेल्या ३० महिन्यांच्या आकड्याशी लावला होता. अर्थात घट दिसणारच! ही तपासणी केली रिक डॉब्लिन यांनी, म्हणजे मॅप्स या सायकेडेलिक संशोधनाला वाहिलेल्या अमेरिकी संस्थेच्या संस्थापकांनीच. आपल्याच माणसाची चूक आपणच छापायची हा गुण या चळवळीत एके काळी होता, हे दुसऱ्या प्रश्नाकडे जाताना लक्षात ठेवा.

जुनी_पानं

विदा_उपसणारा यांच्याशी सहमत. इतिहास बघितला तर 'सायकेडेलिक म्हणजे डावीकडचं' हा समज १९६७ च्या एका हिप्पी हंगामाचा फोटो आहे.

त्याआधीचं चित्र बघा. मशरूमची गोष्ट अमेरिकेच्या घराघरात नेली ती १३ मे १९५७ च्या 'लाइफ' साप्ताहिकाने. लेखक गॉर्डन वॉसन, जे. पी. मॉर्गन बँकेचे उपाध्यक्ष. 'लाइफ'चे मालक हेन्री लूस कट्टर रिपब्लिकन आणि कम्युनिस्टविरोधी. त्यांनी आणि पत्नी क्लेअर बूथ लूस यांनी स्वतः एलएसडी घेतलेलं. पलीकडे जर्मनीत एर्न्स्ट युंगर. पहिल्या महायुद्धातला सैनिक, त्या युद्धानंतरच्या वायमार लोकशाहीचा कडवा टीकाकार आणि एलएसडी बनवणाऱ्या आल्बर्ट हॉफमान यांचा स्नेही. दोघांनी १९५१ मध्ये एकत्र एलएसडी घेतलं. आज गल्लोगल्लीचे तरुण स्वतःला 'सायकोनॉट' म्हणवतात, तो शब्द युंगर यांच्या लिखाणातून आलाय हे फार थोड्यांना ठाऊक असतं. आणि १९५३ पासून सीआयए हेच रसायन माणसांची मनं मोडता येतात का ते बघायला वापरत होती.

डाव्यांशीसुद्धा सरळ मैत्री कधीच नव्हती. ऑक्टोबर १९६५, बर्कली. व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या सभेत एलएसडीचे प्रचारक कादंबरीकार केन केसी व्यासपीठावर चढले, माउथ ऑर्गन वाजवला आणि 'मोर्चे काढून तुम्ही त्यांचाच खेळ खेळताय' असं मोर्चेकऱ्यांनाच सुनावलं. आयोजकांनी कपाळाला हात लावला. १४ जानेवारी १९६७ चा सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमधला मेळावा भरवला तोच मुळी बर्कलीची राजकारणी पोरं आणि हेट-ॲशबरीचे हिप्पी यांच्यातली दरी बुजवायला. दरी होती म्हणून पूल लागला.

आता २०२४. आधी आकडे, कारण भांडणात तेच हरवले. लायकॉस (मॅप्समधूनच निघालेली कंपनी) युद्ध, बलात्कार वगैरेंच्या मानसिक आघातावर एमडीएमए आणि थेरपी यांची मंजुरी मागत होती. दुसऱ्या मोठ्या चाचणीत १०४ जण. एमडीएमए मिळालेल्यांपैकी ७१.२ टक्के निदानाच्या निकषाबाहेर गेले, खोटं औषध मिळालेल्यांपैकी ४७.६ टक्के. फरक डोळ्यांत भरणारा. पण कोणाला खरं मिळालं आणि कोणाला खोटं हे रुग्णाला कळता कामा नये, हा अशा चाचणीचा पाया. आणि इथे खरं मिळालेल्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी ते बरोबर ओळखलं. ४ जून २०२४ ला एफडीएच्या (औषधांना मंजुरी देणारी अमेरिकी सरकारी संस्था) सल्लागार समितीने परिणामकारकतेवर ९ विरुद्ध २ आणि धोक्याच्या तुलनेत फायद्यावर १० विरुद्ध १ असा प्रतिकूल कौल दिला. ९ ऑगस्टला एफडीएने मंजुरी नाकारून आणखी एक चाचणी मागितली. त्याच सुमारास 'सायकोफार्माकॉलॉजी' नियतकालिकाने एमडीएमएवरचे ३ निबंध मागे घेतले: आधीच्या एका चाचणीच्या केंद्रावर अनैतिक वर्तन झालेलं लेखकांना ठाऊक होतं, तरी त्यांनी ते कळवलं नव्हतं आणि तिथला विदाही (डेटा) वगळला नव्हता.

सुनावणीत टीका करणाऱ्यांमध्ये सिम्पोझिया हा भांडवलशाहीविरोधी डाव्यांचा छोटा गट पुढे होता. निकालानंतर चळवळीतल्या मोठ्या हिश्श्याने सगळं खापर त्यांच्यावर फोडलं: मूठभर पोरांनी माजी सैनिकांचं औषध हिरावलं. टीकाकारांच्या बाजूने ऐकलं तर समोरचे सगळे एका पंथाचे अनुयायी. गंमत अशी की समितीतल्या तज्ज्ञांना वरचा ९० टक्क्यांचा आकडा वाचायला कुठल्याच डाव्या गटाची गरज नव्हती.

लेखात हे भांडण सोडवायला एक साधी चाळणी लावा. प्रत्येक विधान चारपैकी कुठल्या टोपलीत पडतं ते बघा: पद्धतीबद्दल (चाचणी नीट झाली का), वर्तनाबद्दल (रुग्णाशी कोण कसं वागलं), हेतूबद्दल (हा कोणाचा माणूस), परिणामाबद्दल (नाकारलं तर कोण मरेल). भांडण तिथे सडतं जिथे एका टोपलीतल्या प्रश्नाला दुसऱ्या टोपलीतलं उत्तर मिळतं. 'रुग्णांनी औषध ओळखलं' याला 'तुम्ही सैनिकांच्या जिवावर उठलाय' हे उत्तर. 'त्या केंद्रावर रुग्णाशी गैरवर्तन झालं' याला 'पण ७१ टक्के बरे झाले'. त्या दिवसांतल्या पाच-पन्नास मजकुरांचं असं वर्गीकरण करा, तक्ताच बोलेल.

आणि एकसुरीपणाचं मूळ शोधताना पैसा सोडू नका. मॅप्सला २०१८ मध्ये ट्रम्प यांच्या मोठ्या देणगीदार रिबेका मर्सर यांच्याकडून १० लाख डॉलर मिळाले तेव्हा आतल्या डाव्यांनी कल्ला केला. डॉब्लिन यांची भूमिका पहिल्यापासून एकच: दोन्ही पक्ष लागतील, म्हणून चेहरा माजी सैनिकांचा. धोरण म्हणून ते चाललं. २०२१ मध्ये टेक्सासचे माजी गव्हर्नर रिक पेरी सिलोसायबिनच्या संशोधनासाठी उभे राहिले, २०२५ मध्ये त्याच टेक्सासने आयबोगेन या दुसऱ्या सायकेडेलिकच्या संशोधनाला ५ कोटी डॉलर दिले. उलट २०१९ मध्ये डाव्या खासदार ओकासिओ-कॉर्टेझ यांची संशोधन सुलभ करणारी दुरुस्ती प्रतिनिधिगृहात ९१ विरुद्ध ३३१ अशी आपटली होती. किंमत काय मोजली? ज्याच्यावर सगळी आशा टांगली आहे त्या एकाच अर्जावर बोट ठेवणं म्हणजे सैनिकाच्या छातीवर बोट ठेवणं, असं समीकरण झालं.

साधा_प्रश्न

हे सगळं वाचून वाटतं की वेगळं बोलणाऱ्याचं कधी कोणी ऐकतच नाही. असं आहे का? पेयोटीच्या बाबतीत तर उलट झालं ना?

जुनी_पानं

बरोबर पकडलंत, ते राहिलंच.

पेयोटी हे मेस्कलिन (एक सायकेडेलिक द्रव्य) असलेलं निवडुंग. अमेरिकेत ते फक्त टेक्सासच्या दक्षिणेच्या चिंचोळ्या पट्ट्यात उगवतं आणि तोडण्याजोगं व्हायला दहा-दहा वर्षं घेतं. मूळ रहिवाशांच्या नेटिव्ह अमेरिकन चर्चच्या लोकांना त्याचा विधीत वापर करायचा हक्क १९९४ च्या कायदादुरुस्तीने मिळाला. जून २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहराने सगळ्या सायकेडेलिक वनस्पतींना एकाच वाक्यात मोकळीक दिली, आणि त्या यादीचं अनुकरण गावोगाव सुरू झालं. २०२० मध्ये नेटिव्ह अमेरिकन चर्चच्या राष्ट्रीय परिषदेने जाहीर सांगितलं, आमचं निवडुंग यादीतून काढा, आहे तेच पुरत नाही. 'निसर्ग सर्वांचा' म्हणणाऱ्यांना हे पचायला जड गेलं. काहींनी मूळ रहिवाशांनाच मालकी गाजवणारे ठरवलं. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये कोलोरॅडोच्या मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्ताव १२२ चा मजकूर बघा: मेस्कलिन आहे, 'पेयोटी वगळून' असं स्पष्ट लिहून.

ऐकलं गेलं, कारण बोलणारी संघटित संस्था होती, तिला कायद्याने दिलेला हक्क होता आणि मागणी एका ओळीत मावणारी होती. एकट्या रुग्णाकडे किंवा एकट्या संशोधकाकडे यातलं काहीच नसतं.

मांडवीपल्याड

गोव्याबद्दल थोडं, कारण तळटीप यांची साठ माणसं तिथलीच.

इथला एकसुरीपणा कॅलिफोर्नियासारखा नाही. तिथे 'आपण सगळे पुरोगामी' हे गृहीत असतं. इथे 'आपण राजकारणात पडत नाही' हे गृहीत असतं. हणजुणेच्या पार्ट्यांपासून, डीजे गोवा गिल यांच्या काळापासून, नाच हाच विधी आणि बाकी सगळं 'निगेटिव्ह'. २०२३ मध्ये ते गेले तेव्हाच्या श्रद्धांजल्यांतही सूर तोच. राजकारण काढणारा इथे गद्दार ठरत नाही, 'व्हाइब' बिघडवणारा ठरतो. शिक्षा सौम्य वाटते, पण पुढच्या वेळी जागेचा निरोप त्याच्यापर्यंत पोचत नाही.

आता त्या 'राजकारण नसलेल्या' जागेचं चित्र जवळून बघा. मैदानाच्या कडेने चटया. प्रत्येक चटईवर एक बाई, रॉकेलचा कंदील, स्टोव्ह, चहाचं पातेलं, आम्लेटसाठी अंडी. रात्रभर बसून सकाळी उन्हं वर आल्यावर उठायचं. परदेशी लोक त्यांना 'चाय मामा' म्हणत. त्या बायका, त्यांची गावं, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करायचा नियम लागू झाल्यावर कोणाचं उत्पन्न बुडालं आणि कोणाला झोप मिळाली, हे सगळं राजकारणच की. व्यासपीठामागच्या पडद्यावर शंकर आणि ॐ, चिलीम कपाळाला लावताना 'बम शंकर'. नाचणाऱ्यांतला एखादा मुसलमान, ख्रिस्ती किंवा बौद्ध हे 'सगळ्यांचं' मानतो की नुसता गप्प बसतो, हे कोणी विचारलेलं नाही. तुमच्या प्रश्नावलीत हा प्रश्न हवाच.

दुसरं, निसर्गप्रेम. सगळे झाडाला मिठी मारणारे. मग २०२० पासून मोले अभयारण्यातून जाणाऱ्या रेल्वेच्या दुपदरीकरणावर, महामार्गावर आणि वीजवाहिनीवर एवढा गदारोळ झाला, त्यातल्या एका तरी प्रकल्पाचं नाव यांच्यापैकी कितींना सांगता येतं ते विचारा. 'निसर्गाशी एकरूप वाटतं का' हा प्रश्न नका विचारू. सगळे हो म्हणतील.

तळटीप

सगळ्यांचे आभार, लेखाचा आराखडाच बदलला. आता तिसरा प्रश्न उरला. गूगल फॉर्म, ६० जण, अमेरिकेतल्या संशोधनात वापरलेली हुकूमशाही वृत्तीची मोजपट्टी मराठीत आणून, आणि शेवटी 'सायकेडेलिक घेतलंय का' असा डोक्यात बेत होता. कुठे फसेल?

विदा_उपसणारा

चारही ठिकाणी.

गूगल फॉर्म नको. ईमेल गोळा होण्याची सेटिंग चुकून चालू राहते, आणि बंद असली तरी भरणाऱ्याचा त्यावर विश्वास बसत नाही. अंमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायद्याच्या कलम २७ प्रमाणे सेवनही गुन्हा आहे; एलएसडीचं व्यावसायिक प्रमाण फक्त ०.१ ग्रॅम आणि त्यापुढे शिक्षा किमान १० वर्षं. असल्या कायद्याखाली कोणी खरं लिहिणार नाही. छापील चिठ्ठ्या, सगळ्यांना एकाच रंगाचं पेन, उत्तर फक्त खूण करून, आणि पेटी. वय, व्यवसाय, गाव हे तिन्ही एकत्र विचारू नका. साठांच्या गटात 'पुण्यातली ३४ वर्षांची वास्तुविशारद' एकच असते.

सेवनाचा थेट प्रश्न काढून टाका. विचारायचाच असेल तर नाणेफेकीची पद्धत आहे: प्रत्येकाने आडोशाला नाणं उडवायचं, छाप आला तर डोळे मिटून 'हो' लिहायचं, काटा आला तर खरं उत्तर. मग कुठलाही 'हो' कोणाच्या अंगाशी येत नाही. समजा ६० पैकी ४२ 'हो' आले. म्हणजे ०.७. त्यातून नाण्याचा ०.५ वजा करा, उरलेल्या ०.२ ला ०.५ ने भागा, ०.४. म्हणजे अंदाजे २४ जण. छान वाटतं, पण या आकड्याची चूक दोन्हीकडे २३ टक्क्यांची आहे. खरं प्रमाण १७ ते ६३ टक्क्यांत कुठेही असू शकतं, म्हणजे तुम्हाला काहीच कळलं नाही. ६०० जण असते तर चूक ७ टक्क्यांवर आली असती. गोपनीयता फुकट मिळत नाही, ती नमुन्याच्या आकाराने विकत घ्यावी लागते. ६० मध्ये ही चैन परवडत नाही.

साठांत परवडतं ते असं. पाच विधानं घ्या. तीच विधानं एकदा गटात हात वर करून आणि एकदा गुप्त चिठ्ठीवर. व्यक्तीला व्यक्ती जोडायची गरजच नाही, बेरजेतला फरक पुरे. एका विधानाला ५२ हात आणि चिठ्ठीत ३७ 'हो', तर निदान १५ जण चारचौघांत वेगळं बोलले. पण क्रम आडवा येतो: आधी हात वर केला की माणूस चिठ्ठीतही तेच लिहून स्वतःशी सुसंगत राहू बघतो. म्हणून ३०-३० चे दोन गट. एकात चिठ्ठी आधी, दुसऱ्यात हात आधी. यजमान, डीजे, ज्येष्ठ मंडळी यांना हात वर करण्याच्या फेरीतून बाहेर ठेवा. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातल्या, रेघांची लांबी ओळखायच्या प्रयोगात सगळे मिळून उघड चुकीचं बोलले की साधारण एक तृतीयांश वेळा माणूस त्यांच्यामागे गेला, आणि एकच साथीदार खरं बोलला की ते प्रमाण धाडकन खाली आलं. मान्यवराचा पहिला हात तुमचा सगळा विदा खाऊन टाकेल.

विधानं अमेरिकेची नकोत. तिथली डावी-उजवी रेघ इथे लागू पडत नाही. आरक्षणावर एकीकडे, मालमत्ता करावर दुसरीकडे आणि २०१५ च्या गोवंश कायद्यावर तिसरीकडे असलेला माणूस प्रत्येक गल्लीत भेटतो. आणि मी तर सगळ्यात आधी अंमली पदार्थांवरच विचारीन, कारण खरा दुटप्पीपणा तिथे आहे. 'सिलोसायबिन घेणाऱ्याला तुरुंगात टाकू नये' याला सगळे हात वर. लगेच पुढे 'गर्द ओढणाऱ्यालाही तुरुंगात टाकू नये'. मग 'चंद्रपूरची दारूबंदी २०२१ मध्ये उठवली ते बरोबर झालं'. कोलंबिया विद्यापीठाचे कार्ल हार्ट ज्यावर सतत बोट ठेवतात ते हेच: आमचं ते औषध, तुमचं ते व्यसन. आपल्याकडे त्याला तयार शब्दच आहे. एलएसडी घेणारा 'साधक' आणि पुलाखालचा तो 'गर्दुल्ला'.

पाचपैकी दोन विधानं उलट्या अंगाने लिहा, नाहीतर सगळ्याला हो म्हणायची सवय मतात मोजली जाईल. आणि 'नये'च्या विधानाला 'नाही' म्हणताना लोक गोंधळतात, म्हणून आधी ५-६ जणांवर वाचून बघा.

जुनी_पानं

एक भर. जागा कुठली निवडताय तेही लिहा. तेव्हा हॉपकिन्समध्ये असलेले संशोधक मॅथ्यू जॉन्सन यांनी सहकाऱ्यांना जाहीर इशारा दिला होता की संशोधकाने स्वतःची अध्यात्माची आवड रुग्णावर लादू नये, आणि उदाहरण दिलं ते उपचाराच्या खोलीतल्या बुद्धमूर्तीचं. कोच, डोळ्यांवरची पट्टी, हेडफोन, आणि फळीवर शांत बुद्ध. हॉपकिन्सच्या बाल्टिमोरमध्ये ती मूर्ती म्हणजे निव्वळ सजावट असं लावणाऱ्याला वाटत असतं. तीच मूर्ती नागपुरात, १४ ऑक्टोबर १९५६ नंतर, सरळ एक राजकीय आणि धार्मिक भूमिका आहे. तुमच्या साठ जणांना ज्या हॉलमध्ये बसवाल तिथल्या भिंतीवर काय टांगलंय ते आधी बघून या.

मांडवीपल्याड

आणि चिठ्ठ्या मोजून झाल्या की बेरीज उतरवून घ्या आणि तिथेच, सगळ्यांसमोर, फाडा. संपादकांना दाखवायला म्हणूनसुद्धा घरी नेऊ नका. फाडणार आहात हे सुरुवातीलाच सांगा. शेवटी सांगून उपयोग नाही, तोवर खुणा झालेल्या असतात.